कोठडीतल्या मरणाची वही आता आपणच ठेवली पाहिजे!

यवतमाळ जिल्ह्यात मरण मोजले जाते. शेतकऱ्याने विष घेतले की तलाठी येतो, पोलीस पाटील येतो, पंचनामा होतो, तहसीलदाराचा अहवाल कलेक्टर कचेरीत जातो आणि तिथली समिती त्या मरणावर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शिक्का मारते. हा शिक्का मारण्याची पद्धत किती निर्दय आहे, हा वेगळा विषय. पण मोजणी होते, हे खरे. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि मुलांसह जीवन संपविले. तेव्हा सरकार दरबारी अशा मरणाचा रकानाच नव्हता. पुढे कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून याद्या केल्या, वर्तमानपत्रांनी रोजचा आकडा छापला, तेव्हा कुठे विभागीय आयुक्तांच्या कचेरीत नोंद सुरू झाली. २००६ साली देशाचे पंतप्रधान विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्या पॅकेजने किती चुली पेटल्या, हे शेतकऱ्यालाच विचारा. परंतु सरकारला हलावे लागले ते आकड्यामुळे, हे कोणी नाकारू शकत नाही.

याच जिल्ह्यात, याच राज्यात आणखी एक मरण आहे. ते पोलिसांच्या हातून येते. कधी कोठडीत, कधी चौकशीच्या खोलीत, कधी रस्त्यावर झाडलेल्या गोळीने, तर कधी मार खाऊन सुटलेल्या माणसाच्या घरच्या खाटेवर. या मरणाची यादी कोणत्या चौकात लागली आहे? कोणत्या पालकमंत्र्याने जिल्हा नियोजनाच्या बैठकीत तिच्यावर चर्चा घेतली आहे? कोणत्या आमदाराने आपल्या मतदारसंघातला हा आकडा तोंडपाठ सांगितला आहे?

आठवून पाहा. २००६ सालचा तो हिवाळा. पॅकेज जाहीर होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. डिसेंबरात वणीच्या बाजारात कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्यांचा खरेदीवरून उद्रेक झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि एका शेतकऱ्याचा जीव गेला. हा शेतकरी विष पिऊन मेला असता, तर समितीपुढे त्याचा कागद गेला असता. तो पोलिसांच्या गोळीने मेला, म्हणून तो ना पात्र ठरला ना अपात्र! त्याच्या महिनाभर आधी खैरलांजीच्या हत्याकांडाविरुद्ध अख्खा विदर्भ पेटून उठला होता. यवतमाळातही आपली माणसे रस्त्यावर होती. शेजारच्या अमरावतीत पोलिसांच्या गोळीने आंबेडकरी तरुणाचा बळी घेतला. आणि आता अलीकडे, ऑगस्ट २०२१ मध्ये दारव्ह्यात पोलिसांनी चौकशीसाठी ताब्यात घेतलेला एक तरुण मरण पावला, ठाण्यासमोर जमाव जमला, दगडफेक झाली. वणी, अमरावती, दारव्हा. तीन गावे, तीन मरणे. शेतकरी, भीमसैनिक आणि मुस्लिम तरुण. या तिघांची नावे एका कागदावर एकाखाली एक लिहिलेली तुम्ही कधी पाहिली आहेत काय? नाही. कारण असा कागदच नाही.

कागद नसला की काय होते आणि कागद असला की काय होते, हे परभणीने आपल्याला शिकविले आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीच्या रेल्वे स्थानकासमोर बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद पाळला गेला, त्याला हिंसक वळण लागले आणि पोलीस वस्त्यांमध्ये घुसले. ज्यांना उचलले त्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. वय ३५. वडार समाजात जन्मलेला, दगड फोडणाऱ्यांचा वंशज, कायद्याचे शिक्षण घेणारा विद्यार्थी. पोलीस कोठडी झाली, मग न्यायालयीन कोठडी झाली आणि १५ डिसेंबरला सोमनाथ मेला.

सरकारचे म्हणणे तयारच होते. विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी सांगितले, मारहाण झाली नाही, त्याला श्वसनाचा आजार होता. परंतु शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे आलेल्या धक्क्याने मृत्यू झाल्याचे डॉक्टरांनी लिहिले होते. तो एक कागद! सरकारने दहा लाखांची मदत देऊ केली. सोमनाथच्या आईने, विजयाबाईंनी ती घेतली नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली आणि तिच्या अहवालात पोलिसांवर ठपका आला. तो दुसरा कागद! या कागदांच्या बळावर अॅड. प्रकाश आंबेडकर यांनी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात विजयाबाईंची बाजू मांडली आणि ४ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने गुन्हा दाखल करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलै २०२५ रोजी तिथेही सरकारला माघारी पाठविण्यात आले. म्हणजे एका आईला आपल्या मुलाच्या मृत्यूचा साधा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी साडेसात महिने आणि देशातले सर्वोच्च न्यायालय लागले. शिक्षा तर दूरच!

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. सोमनाथ मेला तेव्हा तो कागदोपत्री न्यायालयीन कोठडीत होता, पोलीस कोठडीत नव्हता. सरकारी आकडेवारीत हे दोन वेगळे रकाने आहेत. जखमा एका कोठडीत व्हायच्या आणि मरण दुसऱ्या कोठडीत नोंदवायचे, असा हा हिशेब आहे. चौकशीहून परतल्यावर आठ दिवसांनी घरी मेलेला माणूस तर कोणत्याच रकान्यात बसत नाही. ठाण्यात बोलावल्याच्या भीतीने विहिरीत उडी घेणारा ‘आकस्मिक मृत्यू’ होतो. म्हणून सरकारी आकडा हा मरणाचा खरा आकडा नसतो, तो सरकारने कबूल केलेल्या मरणाचा आकडा असतो.

आणि कबूल केलेला आकडा तरी लहान आहे काय? केंद्रीय गृहखात्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार १ एप्रिल २०१७ ते ३१ मार्च २०२२ या पाच वर्षांत देशात पोलीस कोठडीत ६६९ माणसे मेली. त्यात गुजरात ८० मृत्यूंसह पहिला आणि महाराष्ट्र ७६ मृत्यूंसह दुसरा! उत्तर प्रदेशाचा आकडा ४१ आहे. उठता-बसता फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणारा महाराष्ट्र या यादीत उत्तर प्रदेशाच्या पुढे उभा आहे, ही गोष्ट आपल्या किती भाषणांत येते?

कोठडीत माणूस मेला की पोलिसांकडे चार-पाच ठरलेली उत्तरे असतात. छातीत कळ आली. पडून मार लागला. गळफास घेतला. पळून गेला. परभणीचाच आणखी एक मुलगा, ख्वाजा युनूस, व्यवसायाने इंजिनिअर. डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात त्याला पकडले आणि जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले, तो पळून गेला. त्याचे प्रेतसुद्धा घरच्यांना मिळाले नाही. सीआयडीच्या तपासात १४ पोलिसांवर ठपका आला, पण सरकारने खटल्याची परवानगी दिली ती फक्त चौघांविरुद्ध. त्या चौघांना २०२० साली पुन्हा सेवेत घेण्यात आले. त्याच्या आईला, आसिया बेगम यांना, वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत अनिकेत कोथळेच्या बाबतीतही पोलिसांनी हेच सांगितले, आरोपी पळाला. प्रत्यक्षात तो कोठडीत मेला होता आणि त्याचे प्रेत आंबोलीच्या घाटात नेऊन जाळले होते. चौदा वर्षांचे अंतर, पण थाप तीच! पहिल्या वेळची थाप लिहून ठेवली असती, राज्यभर सर्वांना पाठ असती, तर दुसऱ्या वेळी ती मारण्याची हिंमत झाली असती काय?

आपल्या नागपूरचे उदाहरण घ्या. १९९३ साली एका संशयिताला नागपूर पोलिसांनी उचलले आणि कोठडीत तो मेला. पोलिसांवर खटला चालला. खालच्या न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती वाढवून सात वर्षे केली, पण कधी? सप्टेंबर २०१८ मध्ये. म्हणजे पंचवीस वर्षांनी. एवढ्या काळात साक्षीदार म्हातारे होतात, काही मरतात, आरोपी पेन्शनीत निघतात. तरीही हा निकाल लागला, कारण कोणीतरी पंचवीस वर्षे पाठ सोडली नाही.

आता गोळीबार आणि लाठीमाराकडे या. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा गेला. त्यात यवतमाळपासून गडचिरोलीपर्यंतची माणसे होती. पोलिसांनी लाठी उगारली, पळापळ झाली आणि ११४ जण चेंगरून मेले. त्यात बाया होत्या, लेकरे होती. न्यायमूर्ती दाणी आयोग बसला. आयोगाच्या हिशेबाने कोणीच दोषी नव्हते! एकशे चौदा माणसे मेली आणि मारणारा कोणी नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध लोक जमले. राज्य राखीव दलाने गोळ्या झाडल्या, दहा जण ठार झाले. इथे मात्र वस्तीने पाठपुरावा सोडला नाही. पेटते टँकर उडणार होते म्हणून गोळी झाडली, हा पोलिसांचा बचाव न्यायमूर्ती गुंडेवार आयोगापुढे टिकला नाही. मे २००९ मध्ये गोळीबाराचा आदेश देणारा अधिकारी मनोहर कदम याला सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. बारा वर्षांनी. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन त्याला जामीन दिला, हेही आपण पाहिले. पण दोषी म्हणून एका अधिकाऱ्याचे नाव न्यायालयाच्या कागदावर आले. गोवारींच्या बाबतीत तेवढेही झाले नाही. हा फरक कशाने पडला? रमाबाई नगरच्या लोकांनी कोण कुठे उभा होता, गोळी कुठे लागली, टँकर कुठे होते, हे सगळे साक्षीवर आणले. त्यांनी मरणाचा हिशेब ठेवला.

आणि ज्यांचा हिशेब कोणीच ठेवत नाही, त्यांचे काय? यवतमाळ जिल्ह्यात पारध्यांचे बेडे आहेत. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी बेड्यावर जाते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पण तो ठाणेदाराच्या डोक्यातून गेला काय? जून १९९८ मध्ये बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी पोलिसांच्या मारहाणीत मेला. ते प्रकरण उच्च न्यायालयात गेले, कारण भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी काम करणारे लेखक-कार्यकर्ते त्याच्या मागे उभे राहिले. असे मागे उभे राहणारे ज्यांना मिळाले नाहीत, असे पिन्या किती असतील? बेड्यावर मोबाइल नाही, वकील नाही, कोणाच्या नावाचा सातबारा नाही. मरण आले की रात्रीतून माती दिली जाते आणि बेडा उठून दुसऱ्या शिवारात जातो.

आपण बाबासाहेबांचे अनुयायी. नोंद ठेवणे हा आपल्याला कोणी बाहेरून शिकवावा असा धडा नाही. बाबासाहेबांनी भारतातील अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिलेला मजकूर त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर महाराष्ट्र शासनाने १९८९ साली लेखन आणि भाषणांच्या पाचव्या खंडात छापला. तो उघडून पाहा. त्यात त्यांनी निरनिराळ्या वर्तमानपत्रांतील अत्याचाराच्या बातम्या तारखेसह, गावासह जपून ठेवल्या आहेत. कुठे विहिरीवर मारले, कुठे वरात अडविली, कुठे साक्ष दिली म्हणून घर जाळले. बॅरिस्टर माणूस, जगातली मोठी ग्रंथालये वाचलेला, पण एखाद्या खेड्यातल्या चार ओळींच्या बातमीचे कात्रण त्यांना ग्रंथाइतकेच मोलाचे वाटत होते. कारण त्यांना ठाऊक होते, अत्याचार झाला असे नुसते म्हटले तर समोरचा म्हणतो, अतिशयोक्ती आहे. तारीख, गाव आणि नाव सांगितले की तो गप्प होतो. पोलीस आणि दंडाधिकारी हे अत्याचार करणाऱ्या समाजातूनच आलेले असतात, म्हणून अस्पृश्याला कायद्याचे संरक्षण मिळत नाही, हेही त्यांनी त्याच ठिकाणी मांडून ठेवले आहे.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी अटकेसंबंधीचे नवे कलम मांडले. आज ते कलम २२ म्हणून संविधानात आहे. अटक का केली ते सांगा, वकिलाला भेटू द्या, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. हे कलम म्हणजे कोठडीत शिरणाऱ्या प्रत्येक गरीब माणसाच्या हातात बाबासाहेबांनी दिलेला कंदील आहे. परभणीत आपण संविधानाच्या प्रतिकृतीसाठी रस्त्यावर आलो, ते योग्यच केले. पण संविधानाचे हे कलम रोज, प्रत्येक ठाण्यात मोडले जाते, त्यासाठी आपण किती वेळा रस्त्यावर आलो?

अमेरिकेतल्या काळ्या माणसांचे नाते आपण दलित पँथरच्या काळापासून सांगतो. त्यांनी काय केले ते पाहा. आयडा बी. वेल्स नावाच्या काळ्या पत्रकार बाईने १८९५ साली झुंडीने ठार मारलेल्या काळ्या माणसांची यादी पुस्तकरूपाने छापली. नाव, तारीख, गाव आणि मारणाऱ्यांनी सांगितलेले कारण. त्यासाठी तिने बरीचशी माहिती गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतून घेतली, म्हणजे कोणी खोटे म्हणू नये! मे २०२० मध्ये मिनियापोलिस शहरात पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा दाबून त्याला मारले. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात काय होते? त्याची प्रकृती बिघडली आणि तो मेला, इतकेच. परभणीतला श्वसनाचा आजार आठवतो ना? फरक एवढाच की, तिथे सतरा वर्षांच्या एका मुलीने सगळे मोबाइलवर टिपले होते. त्या पोलिसाला शिक्षा झाली.

आता थोडे आपल्याच घरात पाहू. कडू आहे, पण बोलले पाहिजे. एखादे मरण झाले की आपण बंद पाळतो, मोर्चा काढतो, निवेदन देतो, फोटो छापून आणतो. तिसऱ्या दिवशी प्रेत ताब्यात घेतले जाते, दोन शिपाई निलंबित होतात आणि तेराव्याला कोणाला आठवणही राहत नाही. निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, हे आपण लोकांना सांगत नाही. त्याहून वाईट म्हणजे तडजोड. तालुक्याचा कोणी पुढारी रात्री घरी येतो. “गेलेला माणूस परत येत नाही, लेकरांचे पाहा, साहेब चांगले आहेत, काही तरी करून देतील.” विधवेच्या हातात पाकीट येते आणि जबाब बदलतो. हा पुढारी कधी परका असतो, कधी आपलाच असतो. निळा दुपट्टा गळ्यात घालून ठाण्यात ऊठबस करणारे आणि ठाणेदाराच्या वाढदिवसाला हार नेणारे आपल्यात नाहीत, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

दुसरी चूक. आपल्या समाजाचा मेला तर आपण पेटतो. पारध्याचा, कोलामाचा, बंजाऱ्याचा, मुसलमानाचा मेला तर आपल्या विहारात त्याची चर्चाही होत नाही. सोमनाथ वडार होता. सरकारी यादीत विमुक्त जाती. तो ‘आपला’ झाला, कारण तो संविधानासाठी गेला. पण तो केवळ मोटारसायकल चोरीच्या संशयाने उचलला गेला असता, तर आपण त्याच्या आईच्या दारात गेलो असतो काय? हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मेलेला माणूस निरपराध होता म्हणून त्याचे मरण वाईट, असे नाही. तो चोर असता तरी त्याला शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाला होता, ठाणेदाराच्या पट्ट्याला नव्हता.

कोणी म्हणेल, हे पोलिसांविरुद्ध आहे. मुळीच नाही. आज आपली शेकडो मुले-मुली पोलीस दलात आहेत. पहाटे उठून मैदानावर धावणारी, भरतीची पुस्तके विहारातल्या वाचनालयात वाचणारी ही मुले आहेत. अस्पृश्यांना जातीचा विचार न करता पोलीस दलात घ्यावे, ही मागणी बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे मांडली होती. आपल्या माणसाच्या अंगावर खाकी चढावी ती याचसाठी की, ठाण्यात गरिबाला माणूस म्हणून वागणूक मिळावी. साहेबाने सांगितले म्हणून दंडा उचलायचा आणि प्रकरण अंगावर आले की साहेब सुटायचा, शिपाई अडकायचा, हे किती काळ चालू द्यायचे? प्रत्येक मरणाची नोंद झाली, कोणाच्या हुकुमाने काय घडले हे लिहिले गेले, तर त्या शिपायालाही ‘नाही साहेब’ म्हणण्याचे बळ येईल. जाब विचारणारा समाज हा प्रामाणिक पोलिसाचा मित्रच असतो.

मग करायचे काय? कायदे आहेत. ते कागदावर आहेत, त्यांना आपल्या वहीत आणले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू प्रकरणात सांगितले, अटकेचा कागद जागेवर करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या, नातेवाइकाला कळवा, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करा. २००६ सालापासून कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानेच करावी, असा कायदा आहे. पूर्वी हे काम महसूल खात्याकडे होते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १९६ म्हणून आहे. या चौकशीत हजर राहण्याचा हक्क नातेवाइकांना आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? कोठडीत मृत्यू झाला की २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळविण्याचा नियम डिसेंबर १९९३ पासून आहे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवून चित्रण १८ महिने जपण्यास सांगितले. ज्या दिवशी मार पडतो, नेमका त्याच दिवशी कॅमेरा बंद कसा पडतो, हा प्रश्न त्यामुळेच विचारता येतो.

एक दारवाजा मात्र दूर आहे. पोलिसांविरुद्ध तक्रार ऐकण्यासाठी जिल्ह्या-जिल्ह्यात प्राधिकरण असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंग प्रकरणात बजावले होते. महाराष्ट्राने २०१४ साली कायदा केला, तो जिल्ह्याऐवजी महसूल विभागापुरता. म्हणजे उमरखेडच्या मजुराने आपल्या ठाण्याविरुद्ध दाद मागायला अमरावतीचा रस्ता धरायचा! रोजी बुडवून, एसटीचे भाडे भरून किती जण जातील? यवतमाळला जिल्हा प्राधिकरण मिळावे, ही मागणी आपल्या प्रत्येक निवेदनात पहिल्या क्रमांकावर असली पाहिजे.

पण सरकारची वाट पाहत बसू नका. जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याच्या एका विहारात एक वही ठेवा. साधी, शंभर पानी. तालुक्यातले दोन शिकलेले तरुण आणि एक वकील यांच्याकडे ती सोपवा. मेलेल्याचे नाव, वय, गाव, समाज. किती वाजता, कोणी, कुठून उचलले. घरच्यांना कळविले काय. दंडाधिकाऱ्यापुढे कधी नेले. दवाखान्यात कधी नेले, कोणत्या डॉक्टरने तपासले. मृत्यूची बातमी किती वाजता दिली. शवविच्छेदनाचे चित्रण झाले काय, अहवाल मिळाला काय. चौकशी कोणाकडे, पुढची तारीख काय. आणि शेवटचा रकाना: आज काय स्थिती आहे. हा शेवटचा रकाना दर सहा महिन्यांनी भरायचा, वीस वर्षे लागली तरी भरत राहायचा. मरण कोठडीतले असो, घरातले असो की रस्त्यावरचे, पोलिसांच्या हातून आले असे घरचे म्हणत असतील तर त्याची नोंद करायची. खरे-खोटे चौकशीत ठरेल. जातीचा, धर्माचा विचार करायचा नाही.

सोबत माहितीचा अधिकार वापरा. माणसाच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते, हे २००५ च्या कायद्यात लिहिले आहे. पोलीस अधीक्षकांच्या कचेरीतून दरवर्षी कोठडी मृत्यूंची माहिती मागवा आणि आपल्या वहीशी ताडून पाहा. दोन आकडे जुळले नाहीत तर तिथेच बातमी आहे. मानवी हक्क आयोग घटनेला एक वर्ष उलटले की तक्रार घेत नाही, म्हणून वही वेळेवर लिहिली पाहिजे. दर वर्षी ६ डिसेंबरला किंवा २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनी यवतमाळच्या आंबेडकर चौकात ती यादी मोठ्याने वाचा. एसपी साहेबांनाही निमंत्रण द्या. यावेत त्यांनी, ऐकावे.

विजयाबाई सूर्यवंशी शिकलेल्या असोत वा नसोत, त्यांनी एक गोष्ट केली जी आपल्या अनेक पुढाऱ्यांना जमली नाही. त्यांनी दहा लाखांना ‘नाही’ म्हटले आणि कागद मागितला. मुलगा कसा मेला ते लिहून द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्या एका हट्टापुढे राज्य सरकारला दोन न्यायालयांत हरावे लागले. उद्या पांढरकवड्याच्या, घाटंजीच्या, झरीच्या एखाद्या आईवर अशी वेळ आली, तर तिला एकटीने हट्ट धरावा लागू नये. तिच्या दारात पाकीट घेऊन येणाऱ्याच्या आधी वही घेऊन येणारा पोचला पाहिजे.

ती वही कोण ठेवणार, हे या रविवारी आपापल्या विहारात वंदनेनंतर ठरवा.

जय भीम!